तिसऱ्या अंतऱ्यातली गुणगुण

१

कामावर आल्यावर मी सगळ्यात आधी टेपा शेकायला ठेवते. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण जुन्या टेपेवरचा लेप दमट होऊन चिकट होतो आणि तशीच यंत्रावर चढवली तर तो कुरकुरत सोलून निघतो. म्हणून एका लोखंडी कपाटात मंद उबेला ठेवायची, निवू द्यायची, मग वाजवायची. जुन्या सिनेमांचे आवाज जतन करणारी आमची संस्था आहे. तिथे हे काम माझं. सगळे मला ‘कान’ म्हणतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

इमारत एकेकाळच्या रेकॉर्डिंग स्टुडिओची. माझी खोली छोटी, कापूस भरलेल्या भिंतींची. समोर मोठी काच आणि काचेपलीकडे तो जुना हॉल. आता तिथे एका मोडीत निघालेल्या सिनेमागृहाच्या खुर्च्या रांगेने लावल्या आहेत. एखादं काम पुरं झालं की मोठ्या स्पीकरवर ते तिथे ऐकायचं. मला हॉलमधलं ऐकू यावं म्हणून छताला एक माइक टांगलेला असतो.

त्या दिवशी आमचे प्रमुख, तात्या, एक डबा दोन्ही हातांवर घेऊन आले, झोपलेलं मूल उचलून आणावं तसे. तात्या ताडमाड उंच. दारातून येताना त्यांना सवयीने वाकावं लागतं.

“ए कान, हात धुऊन ये,” ते म्हणाले. “मूळ टेप सापडली.”

कुठल्या गाण्याची, हे विचारायची गरज नव्हती. इतकी वर्षं आम्ही एकाच टेपेच्या मागे होतो.

ज्या सिनेमात ते गाणं होतं तो सपशेल आपटला. त्याची गोष्ट आज कुणाला आठवत नाही. नायिका घराबाहेर पडते, दार नुसतं ओढून घेते आणि गाते, ‘कडी लावू नको, मी येतेच आहे.’ एवढंच. पण रेडिओवरून ते गाणं घरोघरी गेलं आणि देशाने ते डोक्यावर घेतलं. खाणीत माणसं अडकली तेव्हा बाहेर थांबलेल्या बायका हेच गात होत्या. आपला संघ हरला त्या दिवशी अख्ख्या मैदानाने हेच म्हटलं. शाळेचा शेवटचा दिवस असो, दवाखान्यातली रात्रपाळी असो, लग्नानंतरची पाठवणी असो, लोकांना दुसरं काही सुचत नाही. त्यातही तिसरा अंतरा: ‘पायऱ्यांवर ऊन आहे, ऊन आहे तोवर’. या ‘तोवर’वर सूर चढेल असं वाटतं, आणि तो अलगद खाली उतरतो, कुणीतरी पायरीवर बसावं तसा. त्या एका वळणासाठी माणसं हातातलं काम थांबवतात.

मीही थांबते. आवाजाच्या धंद्यात इतकी वर्षं काढूनही मला ते वळण कसं घेतलंय हे कळलेलं नाही.

२

टेपेवर तीन पट्ट्या होत्या: एकीवर तंतुवाद्यं, एकीवर ताल आणि तिसरीवर फक्त गाणाऱ्या बाईंचा आवाज. तात्यांना सिनेमा नव्याने दाखवायचा होता, आणि गाणं असं स्वच्छ हवं होतं की बाई जणू आत्ता शेजारी उभ्या आहेत.

मी आधी नुसता आवाज ऐकायला घेतला. काय गळा होता तो! पहिल्या दोन अंतऱ्यांत श्वास, ओठ मिटल्याचा हलका आवाज, सगळं लखलखीत. तिसरा अंतरा सुरू झाला आणि आवाजाखाली काहीतरी आलं. गुणगुण. फार बारीक.

माझं पहिलं निदान सोपं होतं. विजेच्या तारांचा घुं असा आवाज जुन्या टेपांवर हमखास असतो. पण तो एकाच सुरावर अडून बसतो. हा गाण्याबरोबर हलत होता. मग वाटलं, टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्याची सावली शेजारच्या वेढ्यावर उमटते, त्यातला प्रकार असेल. पण मग ती सावली बाईंच्याच आवाजाची असती. ही बरीच माणसं होती. बायका, पुरुष, एखादं मूलही.

कोरस असेल म्हणावं तर कोरस शिकवलेला असतो, सगळे एकदम उचलतात, एकदम सोडतात. ही माणसं किंचित मागून येत होती. कुणी शब्द खात होतं, कुणी सूर अर्धवट सोडत होतं. लहानपणापासून पाठ असलेलं गाणं आपण भांडी विसळताना म्हणतो ना, तसं.

मी हेडफोन काढला आणि काचेतून रिकाम्या हॉलकडे बघत बसले. गाणं त्या दिवशी पहिल्यांदाच गायलं जात होतं. बाई आणि संगीतकार सोडले तर जगात कुणालाच ते पाठ असण्याचं कारण नव्हतं.

३

घरी बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असतात. जन्मभर त्यांनी शहरातली बस चालवली. गेल्या वर्षी झटका आला, उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. पाणी हवं, हेही सांगता येत नाही. पण हे गाणं येतं. रेडिओवर लागलं की ते आधी चाचपडतात, मग शब्द आपोआप पुढे येतात. वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी आम्हाला समजावलं होतं की बोलणं आणि गाणं मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी असतं, हे पुष्कळांच्या बाबतीत होतं, यात चमत्कार नाही. चमत्कार नसला तरी आईसाठी दिवसातला तेवढाच नवरा उरला होता. ती संध्याकाळी कामं आटपून, केस नीट करून, त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसायची आणि गाणं लावायची.

त्या संध्याकाळीही लावलं. बाबा म्हणू लागले. तिसऱ्या अंतऱ्याला आई नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघून हसली, कारण आता ती चूक येणार होती. बाबांनी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते लहानपणी, चालत्या बसच्या खडखडाटात, आणि तेव्हापासून ते ‘पायऱ्यांवर ऊन आहे’च्या जागी ‘पायऱ्यांवर कोण आहे’ म्हणतात.

“अहो, ऊन,” आई म्हणाली. “जन्म गेला सांगून.”

“कोण आहे,” बाबा गायले. “कोण आहे तोवर.”

मीही हसले. मग माझं हसू ओठावरच राहिलं. दुपारी हेडफोनमध्ये, त्या गुणगुणीच्या अगदी पुढच्या अंगाला, एक पुरुषी आवाज हाच शब्द म्हणत होता. ऐकताना मला तो जड ‘ऊन’ वाटला होता.

कान फसवतात. ज्याचा ध्यास असतो तेच ऐकू येतं, हे नव्या मुलांना मीच शिकवते. मी स्वतःला तेच शिकवलं आणि जेवायला बसले.

४

पुढच्या दिवसांत मी गुणगुण काढून टाकली. काम अवघड होतं आणि खोटं कशाला बोलू, मी ते सुरेख केलं. बाईंच्या आवाजाला केसाइतकाही धक्का न लावता खालचं सगळं उचललं. तिसऱ्या अंतऱ्यात त्या आता एकट्या होत्या. तात्यांनी ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि “वा,” म्हणाले. तात्यांच्या तोंडून ‘वा’ वर्षातून एखाद्या वेळी निघतो.

त्या संध्याकाळी आईने गाणं लावलं आणि बाबा गायले नाहीत.

“थकलेत आज,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही गायले नाहीत. तिसऱ्या अंतऱ्याला त्यांनी तोंड उघडलं, आवाज येईना, आणि ते कमालीचे घाबरून आमच्याकडे पाहू लागले. घरातल्या घरात रस्ता चुकल्यासारखे. आईने गाणं बंद केलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिल्याचा आवाज येत राहिला.

डॉक्टर येऊन गेले. अशा आजारात चढउतार असतातच, म्हणाले. मलाही ते पटलं. पटलं नसतं तर मी पुढचं केलं नसतं, कारण मला फक्त खात्री करून घ्यायची होती की गुणगुण काढण्याचा आणि बाबांच्या गप्प होण्याचा काही संबंध नाही.

आवाजातून जे काढतो ते आम्ही टाकून देत नाही, वेगळं साठवतो. त्याला आम्ही गाळ म्हणतो. मी दार लावून नुसता गाळ वाजवला.

बाईंचा आवाज नव्हता, त्यामुळे बाकीचे स्पष्ट ऐकू येत होते. दाटीवाटीने उभी असलेली माणसं. कुणाच्या घशात खरखर, कुणाचे कपडे सळसळले. मग पुढच्या अंगाने, अगदी माइकजवळून, बाबा म्हणाले, ‘पायऱ्यांवर कोण आहे’. झटका येण्याआधीचा आवाज, भरदार, बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

त्या टेपेच्या वेळी बाबा शाळेत जात होते.

मी यंत्र बंद केलं.

५

मी तात्यांकडे गेले आणि म्हटलं, “गुणगुण राहू द्यावी असं मला वाटतं.”

“का?”

“बाबा गप्प झालेत,” मी एवढंच म्हणाले.

तात्या वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. “वडिलांचं ऐकून वाईट वाटतं गं. पण हे देशाचं गाणं आहे, तुझ्या-माझ्या घरचं नाही. त्यातली घाण कुणाच्या मायेपोटी ठेवता येणार नाही.” मग जरा विचार करून म्हणाले, “बाई उद्या ऐकायला येणार आहेत. त्यांनाच विचार.”

बाई दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. काठी टेकत, पांढरेशुभ्र केस, पण डोळे विलक्षण जागे. मी लहानपणापासून ज्यांना ऐकत आले त्या माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “तुझी खुर्ची फिरते, मला भीती वाटते. धरून ठेव.” मी खुर्ची धरून उभी राहिले.

तात्या हॉलमधले दिवे लावायला गेले तेवढ्यात मी विचारलं, “बाई, गाताना तुमच्यामागे कुणी होतं का?”

“कोण असणार? वादक आधीच वाजवून घरी गेले होते. मी एकटी, आणि आत काचेमागे दोघं.” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “का गं?”

मी त्यांच्या कानांना हेडफोन लावला आणि गाळ वाजवला. त्या ऐकत राहिल्या. चेहऱ्यावर भीती नव्हती. जुन्या बिऱ्हाडातले शेजारी बऱ्याच वर्षांनी भेटावेत तसं काहीसं होतं.

“तेव्हा इतके नव्हते,” त्या म्हणाल्या.

मी खुर्ची आणखी घट्ट धरली.

“दिवसभर ते ‘तोवर’ जमत नव्हतं,” त्या सांगू लागल्या. “संगीतकाराने सूर वर नेला होता, आणि वर गेलं की गाणं दिखाऊ व्हायचं. मी रडकुंडीला आले होते. शेवटी डोळे मिटले, आणि कुणीतरी माझ्याबरोबर म्हणतंय असं वाटलं. हळू, जरा मागून. सूर खाली घेऊन, आयुष्यभर म्हटल्यासारखं सहज. मी त्यांच्या मागे गेले, इतकंच. लोक त्या वळणासाठी माझ्या पाया पडतात. मी म्हणते, अरे बाबांनो, ते तुमचंच आहे. त्यांना वाटतं म्हातारी विनयाने बोलतेय.”

मला त्या वळणाचं कोडं पहिल्यांदाच उलगडल्यासारखं वाटलं, आणि ते उलगडू नये असंही वाटलं.

“भीती नाही वाटली?” मी विचारलं.

“वाटली की. पण इतकं चांगलं गात होते,” बाई म्हणाल्या, “की मग भीतीचं राहूनच गेलं.”

६

हॉलमध्ये तात्या एका रांगेच्या कडेच्या खुर्चीवर बसले होते. लांब पाय मधल्या वाटेत पसरलेले. बाई समोर, स्पीकरजवळ, काठी टेकून उभ्या. मी काचेमागे. ठरल्याप्रमाणे मी स्वच्छ केलेलं गाणं लावलं.

दोन अंतरे अप्रतिम झाले. तिसरा आला. ‘पायऱ्यांवर ऊन आहे’. आवाज निर्मळ, एकटा. सगळं जागच्या जागी होतं, तरी अख्ख्या घरातलं सामान उचलून नेल्यावर जसं वाटतं तसं वाटलं. बाईंनी हात वर केला.

“पुन्हा लाव गं. तिसऱ्यापासून.”

मी लावलं. या वेळी बाई रेकॉर्डबरोबर स्वतः गाऊ लागल्या. वय झालेला, चिरलेला आवाज, पण सूर नेमका. त्या स्पीकरकडे पाहत नव्हत्या, खुर्च्यांकडे पाहत होत्या. प्रत्येक ओळीनंतर मुद्दाम थोडी जागा सोडत होत्या.

मला हॉल छताच्या माइकमधून ऐकू येत होता. स्पीकरवर गुणगुण नव्हती, ती मीच काढली होती. समोरच्या मीटरची सुई दाखवत होती, आवाजाच्या पट्टीवर एकच आवाज. आणि तरी माइकमधून, बाईंच्या किंचित मागून, ती यायला लागली.

मी कानांवर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं आणि डोळ्यांनी पाहिलं. खुर्च्या रिकाम्या होत्या. तात्या बाईंकडे टक लावून बसले होते. मग त्यांनी, नजर न हलवता, पसरलेले पाय आत घेतले. रांगेतून कुणी आत जाताना आपण घेतो तसे. पुन्हा पसरणार तोच पुन्हा घेतले. आणि पुन्हा. मग त्यांनी गुडघे बाजूला वळवले आणि तसेच ठेवले, कारण येणारे संपत नव्हते. त्यांना त्याचं भान नव्हतं.

बाईंनी गाता गाताच मोकळा हात हलकासा खाली केला. बसा, म्हणाल्यासारखा.

मी मान खाली घातली आणि ‘तोवर’ येईपर्यंत यंत्राच्या बटणांकडे पाहत राहिले. सूर खाली उतरला. इतकं सुंदर मी कधी ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी काही झालं तरी वर पाहायचं नाही, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

गाणं संपल्यावर तात्या बाहेर आले. कपाळ पुसत होते.

“आत कोंदट झालं होतं जरा,” ते म्हणाले. गुडघा चोळला. मग माझ्याकडे न बघता, “ते जुनंच ठेव. होतं तसं.”

“का?” मी विचारलं.

“काय माहीत,” तात्या म्हणाले. “एकटं वाटलं.”

७

गाणं पुन्हा लोकांसमोर आलं तेव्हा काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. थिएटरात लोकांनी उभं राहून ते म्हटलं. जाणकारांनी माझ्या कामाचं कौतुक केलं, तिसऱ्या अंतऱ्यात एक ऊब आहे, ती कशी आणली असं विचारलं. मी सांगितलं, मी काही केलं नाही. बाबा पुढे वर्षभर रोज संध्याकाळी गायले, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत, आणि आई त्यांच्यासमोर स्टुलावर बसत राहिली. बोलले मात्र ते एकदाच. बाई येऊन गेल्या त्याच दिवशी.

मी घरी आले तेव्हा उन्हं कलली होती. दार आईने उघडलं. दुपारभर बाबा खुर्चीतच गाढ झोपले होते, म्हणाली, हाका मारल्या तरी उठेनात, आत्ता कुठे जागे झाले. मी जवळ गेले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि केस विस्कटलेले होते. चेहरा मात्र कामावरून परतल्यावर असायचा तसा दमलेला आणि खूश होता.

“बाबा, बरं वाटतंय का?” मी विचारलं. उत्तराची अपेक्षा नव्हती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“फार गर्दी होती,” ते म्हणाले.

आई जागच्या जागी उभी राहिली. वर्षभरानंतरचा तो आवाज, सुरात नसलेला, साधा बोलतानाचा.

“कुठे हो?” तिने अगदी हळू विचारलं, मोठ्याने विचारलं तर तो आवाज परत जाईल अशा भीतीने.

बाबांनी जरा आठवल्यासारखं केलं.

“त्या उंच माणसाने पाय आवरले,” ते म्हणाले. “म्हणून आत जाता आलं.”

मग त्यांनी डोळे मिटले. आई माझ्याकडे बघत होती.

“स्वप्न पडलं असेल,” ती म्हणाली.

मी हो म्हटलं, आणि त्यांच्यासाठी कोरडा शर्ट आणायला आत गेले.